कळसूबाई शिखर: बारी मार्ग

कळसूबाई (उंची १६४६ मीटर) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील बारी गावातून निघणारी पायवाट ही शिखरावर जाण्याची प्रचलित वाट होय. आरंभी ती शेतांमधून जाते. पुढील उभ्या कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. शिड्यांमुळे गिर्यारोहणाचा अनुभव नसलेल्यांनाही माथा गाठता येतो. तथापि पावसाळ्यात त्या निसरड्या होतात, धुक्यामुळे वाट अस्पष्ट होते आणि गर्दीच्या दिवशी चढणारे व उतरणारे समोरासमोर येऊन खोळंबतात. त्यामुळे अंधारापूर्वी उतरणे श्रेयस्कर ठरते. माथ्यावर कळसूबाई देवीचे लहान मंदिर असून नवरात्रात तेथे भाविक येतात. निरभ्र हवेत अलंग, मदन व कुलंग हे किल्ले आणि भंडारदरा जलाशय दृष्टीस पडतात.