अखंडित वीजपुरवठा, घरगुती संगणकांचा

मुख्य वाहिनीवरील वीज खंडित झाली किंवा तिचा दाब मर्यादेबाहेर गेला, तरी संचायक घटमालेत (बॅटरीत) साठविलेल्या ऊर्जेच्या साहाय्याने संगणकाला काही काळ वीज पुरविणाऱ्या साधनाला अखंडित वीजपुरवठा (यूपीएस) म्हणतात. त्याचे तीन मुख्य भाग असतात : प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करून घटमाला भारित करणारा एकदिशकारक, स्वतः घटमाला आणि एकदिश प्रवाहाचे पुन्हा प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारा परिवर्तक (इन्व्हर्टर). या साधनाची विश्वसनीयता मुख्यतः घटमालेच्या स्थितीवर अवलंबून असते आणि ही स्थिती वीज जाईपर्यंत सहसा बाहेरून कळत नाही. घटमालेवर लक्ष ठेवण्याचे काम प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडून सामान्य कुटुंबाकडे कसे आले, हा या साधनाच्या इतिहासातील महत्त्वाचा भाग होय.

पूर्वपीठिका : गास्ताँ प्लांते या फ्रेंच भौतिकीविज्ञांनी १८५९ मध्ये शिसे-अम्ल संचायक घट तयार केला. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या पट्ट्यांवर ऑक्साइडाचा लेप देण्याची पद्धत काढली व त्यामुळे हे घट मोठ्या प्रमाणावर बनविणे शक्य झाले. राखीव वीजपुरवठ्यासाठी त्यांचा सर्वांत पद्धतशीर उपयोग दूरध्वनी केंद्रांत झाला. तेथे ४८ व्होल्ट दाबाच्या घटमाला सतत भारित ठेवलेल्या असत. त्यांच्यासाठी स्वतंत्र खोली असे. घटांतील अम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजणे, ते नोंदवहीत लिहिणे व कमी झालेले पाणी भरून काढणे ही तेथील कर्मचाऱ्यांची नित्याची कामे होती. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा ईशान्य भाग व कॅनडातील आँटॅरिओ प्रांत येथील सु. ३ कोटी लोकांची वीज गेली, तेव्हाही दूरध्वनी सेवा बव्हंशी चालू राहिली, त्याचे श्रेय या व्यवस्थेला द्यावे लागते.

अखंडित पुरवठ्याच्या यंत्रणेबद्दल जॉन हॅन्ले यांना अमेरिकेत १९३४ मध्ये एकस्व (पेटंट) मिळाले. प्रारंभीच्या अनेक यंत्रणा फिरत्या स्वरूपाच्या होत्या. चलित्र, जनित्र व जड प्रचक्र एकाच दंडावर बसविलेले असत आणि वीज गेल्यावर प्रचक्राच्या गतिज ऊर्जेवर जनित्र थोडा वेळ चालू राही. १९५७ मध्ये सिलिकॉन नियंत्रित एकदिशकारक तयार झाल्यानंतर, फिरते भाग नसलेले स्थिर परिवर्तक व्यवहारात आले. १९६० नंतरच्या दशकात ते मोठ्या संगणक केंद्रांत व विमान वाहतूक नियंत्रणासाठी वापरले जाऊ लागले.

घरगुती संगणकाची गरज : पूर्वीच्या मोठ्या संगणकांतील चुंबकीय गाभ्यांच्या स्मृतीत वीज गेल्यावरही माहिती टिकून राहत असे. १९७० पासून बाजारात आलेल्या अर्धसंवाहक गतिक स्मृतीत माहिती सूक्ष्म विद्युत् भारांच्या रूपात साठविली जाते व वीज जाताच ती नाहीशी होते. १९७७ मध्ये ॲपल-२, कमोडोर पेट व टीआरएस-८० आणि १९८१ मध्ये आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक हे बाजारात आले, ते वीज जाताच माहिती नाहीशी होणाऱ्या अर्धसंवाहक स्मृतीवर चालणारे होते. म्हणजे ज्या यंत्राजवळ प्रशिक्षित कर्मचारी नव्हता, तेच यंत्र वीज खंडित होण्याच्या बाबतीत अधिक नाजूक होते. पुढे, लिहिण्यापूर्वी बदलांची नोंद करून ठेवणाऱ्या फाइल प्रणालींमुळे (उदा., १९९३ मधील एनटीएफएस) तबकडीवरील रचना बिघडण्याचा धोका कमी झाला, तथापि जतन न केलेले काम वीज जाताच नष्ट होते, ही गोष्ट मात्र तशीच राहिली.

बंदिस्त घटमाला : घरात अम्ल सांडण्याचा धोका पतकरणे शक्य नव्हते. जर्मनीत १९५७ च्या सुमारास अम्ल जेलीसारखे घट्ट करून बंदिस्त घट बनविण्यात आले, तर १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत काचतंतूंच्या पातळ गादीत अम्ल शोषून ठेवणारे घट तयार झाले. यांत निर्माण होणाऱ्या ऑक्सिजनाचे घटातच पुन्हा पाणी होते व जादा दाब झडपेतून बाहेर पडतो. अशा घटमाला ‘देखभालमुक्त’ या नावाने विकल्या गेल्या. या शब्दाचा खरा अर्थ त्यांत पाणी घालावे लागत नाही, एवढाच आहे. तथापि त्यांची तपासणीही करावी लागत नाही, असा अर्थ सर्रास घेतला गेला. घट उघडता येत नसल्यामुळे विशिष्ट गुरुत्व मोजण्याचा जुना मार्गही बंद झाला.

ऱ्हासाची कारणे : भारित अवस्थेत सतत राहिल्याने धन पट्टीची शिशाची जाळी हळूहळू गंजते. झडपेतून वायू निसटून पाणी घटते. अपुरी भारित राहिलेली घटमाला पडून राहिल्यास पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक जमतात. तापमान २५° से.च्या वर दर सु. १०° से.ने वाढले की, आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे. २५° से.ला ४ वर्षे टिकणारी घटमाला सतत ३५° से. तापमानात २ वर्षांतच निकामी होऊ शकते. विदर्भासारख्या, उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या वर जाणाऱ्या प्रदेशात या नियमाचे महत्त्व उघड आहे. शिवाय १२ व्होल्टच्या घटमालेत ६ घट एकसरीत जोडलेले असतात व त्यांतील एक जरी निकामी झाला, तरी सबंध माला निरुपयोगी होते. प्रत्येक घट चांगला असण्याची संभाव्यता ०·९९ धरली, तर सहाही घट चांगले असण्याची संभाव्यता सु. ०·९४ येते.

छापील धारणाशक्तीवरूनही गैरसमज होतो. १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तास ही धारणाशक्ती बहुधा २० तासांच्या संथ विसर्जनासाठी सांगितलेली असते. २०० वॉट भाराला परिवर्तकातील व्यय धरून सु. २१ ॲम्पिअर प्रवाह लागतो. साध्या भागाकाराने २० मिनिटे येतात. प्रत्यक्षात नवी घटमालासुद्धा त्याच्या निम्म्याहून कमी वेळ टिकते. प्रवाह वाढला की उपलब्ध धारणाशक्ती घटते, हा नियम पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८९७ मध्ये मांडला होता.

प्रकार : सर्वांत स्वस्त प्रकारात संगणक एरवी थेट वाहिनीवर चालतो व वीज गेल्यावर साधारणतः ४ ते १० मिलिसेकंदांत परिवर्तकावर घेतला जातो. दुसऱ्या प्रकारात त्याशिवाय दाबाचे नियमनही होते. तिसऱ्या, द्विरूपांतरक प्रकारात संगणक नेहमीच परिवर्तकावर चालतो. त्यामुळे खंड मुळीच पडत नाही, मात्र किंमत व ऊर्जाव्यय वाढतो. पहिल्या दोन प्रकारांतील क्षणिक खंड संगणकाच्या वीजसंचातील धारित्रे भरून काढतात. ही धारित्रे जुनी झाली किंवा भार जास्त असला, तर तेवढ्या खंडानेही संगणक बंद पडू शकतो. या प्रकारांचे वर्गीकरण करणारे आंतरराष्ट्रीय मानक १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतातील अनुभव : महाराष्ट्रात २००५ नंतरच्या काही वर्षांत तीव्र भारनियमन होते व घरोघरी पंखे-दिव्यांसाठी परिवर्तक बसविले गेले. त्यांतील नळीदार पट्ट्यांच्या मोठ्या घटमाला तासन्‌तास पुरत. परंतु त्यांत वेळोवेळी ऊर्ध्वपातित पाणी घालावे लागे आणि वाहिनीवरून परिवर्तकावर जाण्याचा त्यांचा काळ संगणकाच्या दृष्टीने अनेकदा जास्त असे. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर व पूर्व भारतातील वीजजाळे कोसळले, तसेच १२ ऑक्टोबर २०२० रोजी, महासाथीमुळे असंख्य लोक घरून काम करीत असताना, मुंबई व परिसरातील वीज कित्येक तास गेली. काही मिनिटांची घटमाला अशा प्रसंगी काम चालू ठेवू शकत नाही; ते जतन करून संगणक रीतसर बंद करण्यास अवधी देणे, हेच तिचे कार्य होय.

लिथियम घटमाला : लिथियम लोह फॉस्फेट या धन अग्र द्रव्याचे गुणधर्म जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यावर आधारलेल्या घटमाला शिसे-अम्ल घटमालांपेक्षा हलक्या व दीर्घायुषी असतात. मात्र कोणतीही लिथियम-आयन घटमाला इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाशिवाय सुरक्षित नसते. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी दक्षिण कोरियातील पान्ग्यो येथील माहिती केंद्रात लिथियम-आयन घटमालांच्या खोलीत आग लागली आणि देशभर वापरली जाणारी संदेशसेवा बंद पडली. सेवेच्या रक्षणासाठी ठेवलेल्या घटमालाच तेथे ती बंद पडण्याचे कारण ठरल्या.

विश्वसनीयतेची कसोटी : काही साधनांत काही सेकंदांची स्वयंचलित चाचणी असते. तिने पूर्ण निकामी घटमाला ओळखता येते, घटलेली धारणाशक्ती मात्र बहुधा लक्षात येत नाही. काम जतन करून, नेहमीइतकाच भार जोडून व मुख्य पुरवठा बंद करून घटमाला किती मिनिटे टिकते हे मोजणे, ही खात्रीची चाचणी होय. नव्या घटमालेच्या वेळी मिळालेला काल लिहून ठेवल्यास पुढील मोजमापांशी तुलना करता येते; धारणाशक्ती मूळच्या ८० टक्क्यांवर आली की, घटमालेचे उपयुक्त आयुष्य संपले असे मानतात. त्यानंतर ऱ्हास झपाट्याने होतो. दूरध्वनी केंद्रातील नोंदवहीचे काम घरात अशा रीतीने वर्षातून एकदोनदा कोणीतरी केल्यावाचून पुरवठा अखंडित राहील असे गृहीत धरता येत नाही.