चिमटा, बाक आणि कोन : सायकलच्या सुकाणूचा इतिहास व तलवाड्याची पांदण

सायकलच्या पुढच्या चाकास दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा जो दुशाखी भाग असतो, त्यास आपल्याकडील कारागीर 'चिमटा' म्हणतात. शब्द साधा आहे आणि चुलीजवळचा आहे. परंतु तो सायकलला का लागला, असा प्रश्न विचारला की आपण एका विस्तृत इतिहासात जाऊन पडतो. विजेवर चालणारी डोंगरी सायकल, जिला आज सर्वत्र 'माउंटन बाइक' म्हणतात, तिचा चिमटा बदलावा काय, बदलावयाचा तर किती लांबीचा घ्यावा, आणि सांगाड्याचे कोन कोणते असावेत, हे प्रश्न अलीकडे तरुण मंडळी हिरिरीने चर्चितात. ते केवळ यंत्रशास्त्राचे प्रश्न आहेत असे सर्वसाधारणपणे समजले जाते. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, त्यांचे मूळ इतिहासात आहे; आणि थोडेसे भाषेतही आहे.

बैलगाडीचे शब्द प्रथम पाहू. चाक, तुंबा, आरे, धाव, आस, जू ही सर्व नावे मराठीत जुनी व पक्की आहेत. गाडी वळविणाऱ्या भागाचे नाव मात्र या यादीत नाही, कारण तसा भागच दोन चाकांच्या गाडीत नसतो. गाडी वळते ती बैलांच्या मानेने आणि कासऱ्याच्या ओढीने. सायकल आली तेव्हा चाकाचे शब्द तयार होते. सुकाणूचा शब्द नव्हता. तो स्वयंपाकघरातून किंवा लोहाराच्या भात्याजवळून उचलावा लागला. इंग्रजांनी तरी काय केले? त्यांनीही या भागास जेवणाच्या काट्याचेच नाव दिले. दोन्ही नावे आकार सांगतात, धरणे सांगतात. परंतु हा भाग सायकलची दिशा व तोल ठरवितो हे त्यांतून कळत नाही. या मौनाचा परिणाम पुढे पाहावयाचा आहे.

आता थोडी परिभाषा. चिमट्याची दांडी ज्या नळीत फिरते ती माथ्याची नळी. ती जमिनीशी जो कोन करते त्यास आपण शिरःकोन म्हणू. कोन जितका लहान तितकी नळी मागे रेललेली. चिमट्याची टोके त्या नळीच्या रेषेच्या जितकी पुढे असतील तो 'बाक'. आणि त्या नळीची रेषा खाली वाढविली असता ती जमिनीस चाकाच्या टेकण्याच्या जागेपुढे मिळते. या दोन बिंदूंतील अंतरास 'अनुगमन' असे नाव येथे योजिले आहे, कारण त्या अंतराने चाक सुकाणूच्या मागोमाग येते. अनुगमन वाढले की सायकल वेगात सरळ जाऊ पाहते, पण हळू चालविताना हँडल जड होते. ते कमी झाले की हँडल चपळ होते. तोल राहण्याचे हे एकच कारण मात्र समजू नये. डेव्हिड जोन्स यांनी १९७० मध्ये अनुगमनाचे महत्त्व प्रयोगाने दाखविले. पण २०११ मध्ये कोइमन, पापाडोपोलस, रुइना आदी संशोधकांनी अनुगमन नसलेली, आणि चाकांच्या फिरण्याचा आधारही काढून घेतलेली एक दुचाकी स्वतःच्या बळावर तोल सांभाळते हे सिद्ध केले. तेव्हा आपण जो हिशेब मांडणार आहोत तो हाताला जाणवणाऱ्या गुणाचा आहे, तोलाच्या संपूर्ण शास्त्राचा नव्हे.

'बाक' हा शब्द माझा नाही. तलवाड्यात सायकली दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराचा तो आहे. तलवाडा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील गाव. तेथील टेकडीवर त्वरितादेवीचे देऊळ आहे. (देवीच्या नावाचा अर्थ 'त्वरेने येणारी' असा आहे, आणि गावचे रस्ते त्या नावाच्या अगदी विरुद्ध गुणाचे, असा विनोद आम्ही लहानपणी करीत असू.) एकदा आमच्या घरची सायकल बैलगाडीवर आदळली. चाक शाबूत राहिले, पण त्यानंतर हँडल जड झाले आणि वळताना पाऊल चाकाला लागू लागले. कारागिराने बाजूने एकवार पाहिले आणि म्हटले, "चिमटा मागं आलाय, बाक गेलाय." मग त्याने एक लांब नळी अडकवून तो चिमटा हळूहळू पुढे ओढला. त्याच्याजवळ कोनमापक नव्हते. परंतु बाक गेल्याने अनुगमन वाढते हे सूत्र त्याच्या हाताला ठाऊक होते.

त्या सायकलीचा आकार कोठून आला, हे पाहणे अगत्याचे आहे. उंच चाकाच्या सायकलीवरून स्वार डोक्यावर पडत, म्हणून १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे दोन जवळपास सारख्या चाकांची 'रोव्हर' सायकल पुढे आणली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बंधूंचे सायकलींचे दुकान बेळगावात सुरू झाल्याचे सांगतात. म्हणजे मराठी मुलखातील एका मोठ्या उद्योगाचा आरंभच सायकलीने झाला. पुढे आर्चिबाल्ड शार्प यांनी १८९६ च्या आपल्या ग्रंथात सायकलच्या रचनेचा गणिती विचार मांडला. या वीसएक वर्षांत जी आकृती ठरली ती इंग्रजी 'रोडस्टर'ची : अठ्ठावीस इंची चाके, ६६ ते ६८ अंशांच्या आसपासचा शिरःकोन, आणि तीन इंचांच्या जवळपास बाक असलेला पोलादी चिमटा.

ही रचना आपल्याकडे इतकी रुजली की सायकल म्हणजे हीच, असे आपण मानू लागलो. स्वातंत्र्यापूर्वी सायकली मुख्यतः इंग्लंडहून येत. पुढे मुंबईच्या हिंद सायकल्स, आसनसोलजवळच्या सेन-रॅले, मद्रासजवळच्या टी. आय., सोनीपतच्या अ‍ॅटलस आणि लुधियानाच्या हीरो या कारखान्यांनी बहुतांशी तीच आकृती गिरविली. (यांपैकी पहिल्या दोहोंचे १९८० च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले.) ही वसाहतकाळाची उरलेली शिळी वस्तू होय, असा तिच्यावर आक्षेप घेतला जातो. मला तो पूर्णतः मान्य नाही. रेललेली नळी आणि लांब बाकाचा लवचीक चिमटा यांमुळे खड्ड्याचा धक्का चिमट्यातच थोडा जिरतो. इंग्लंडातील रस्ते सुधारले तशी तेथे ही रचना मागे पडत गेली. आपले रस्ते सुधारले नाहीत, म्हणून ती येथे टिकली. टिकण्यास कारण होते.

शिवाय आपण ती जशीच्या तशी ठेवली असेही नाही. दूधवाल्यांच्या सायकली पाहाव्या. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून चालणाऱ्या त्या सायकलींच्या चिमट्यास आसापासून माथ्यापर्यंत आणखी दोन दांड्या जोडलेल्या असत. भार वाढला म्हणून चिमटा बळकट करावयाचा, ही आज विजेच्या सायकलीबाबत सांगितली जाणारी गोष्ट आपल्याकडे कितीतरी आधी, कोणताही गाजावाजा न होता घडून गेली होती. कोन मात्र त्यांनी बदलला नाही. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

डोंगरी सायकलीचा जन्म कॅलिफोर्नियात मरीन परगण्यातील तमालपाइस डोंगरावर झाला. तेथील तरुण १९३० च्या दशकातील श्विन कंपनीच्या जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन मातीच्या वाटांवरून खाली येत. १९७६ पासून त्यांनी शर्यतीही लावल्या. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी मुद्दाम या कामासाठी सांगाडा घडविला, तो त्या जुन्या श्विनच्या सुमारे ६८ अंशांच्या कोनावरूनच. १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ली केली यांनी व्यवसाय थाटला, १९८१ मध्ये 'स्टम्पजम्पर' कारखान्यातून निघाली, आणि मग शर्यतींच्या चपळपणाच्या ओढीने कोन ७१ अंशांपर्यंत उभा होत गेला. १९८९ मध्ये पॉल टर्नर यांच्या 'रॉकशॉक्स'ने दबणारा, दुर्बिणीसारखा आत-बाहेर सरकणारा चिमटा बाजारात आणला. तो जेमतेम दोन इंच दबत असे. नंतरच्या तीस वर्षांत चिमटे लांबले, कोन पुन्हा रेलला, आणि आज तो ६३ ते ६६ अंशांवर आला आहे.

म्हणजे कोन फिरून रोडस्टरपाशी आला. वजनाचीही तीच गत : रोडस्टर वीस किलोच्या आसपास, आणि मोटर व बॅटरीसह आजची डोंगरी सायकल बहुधा बावीस ते पंचवीस किलो. यावरून 'जुने तेच नवे' असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. हिशेब मांडून पाहू. रोडस्टरचा कोन ६७ अंश, चाकाची त्रिज्या ३५५ व बाक ७५ मिलिमीटर धरला, तर अनुगमन सुमारे ६९ मिलिमीटर येते. १९९० च्या सुमाराची डोंगरी सायकल (७१ अंश, ३३०, ४०) घेतली तर ७१. म्हणजे कोन वेगळा असूनही हाताला बहुतेक तेच. आजची (६४.५ अंश, ३७०, ४४) घेतली तर मात्र १२८! कोन परत आला, परंतु बाक परत आला नाही. जुना कारागीर कोन रेलवून बाकाने तो फेडीत असे. आजचा ती फेड मुद्दामच करीत नाही, कारण त्याला तीव्र उतारावर वेगात सरळ जाणारी सायकल हवी आहे. दोघांचे रस्ते वेगळे आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात हीरोच्या 'रेंजर'सारख्या जाड टायरच्या सायकली खेड्यांत पोहोचल्या, आणि पुढे स्प्रिंगचे स्वस्त चिमटेही आले. त्यांस कारागिरांनी मोटारसायकलचा 'शॉकअप' हाच शब्द लावला. येथे चिमट्याने आपले घरगुती नाव गमावले, आणि नवे नाव फक्त धक्क्याबद्दल बोलते. त्या स्वस्त चिमट्यांत स्प्रिंग होती, पण तिची उसळी तेलाच्या अटकावाने शमविण्याची, म्हणजे अवमंदनाची, सोय बहुधा नसे. त्यामुळे खड्ड्यानंतर सायकल आणखी एकदोनदा नाचे. तरीही 'जितका लांब शॉकअप तितका चांगला' ही समजूत त्या वेळी जी बसली ती आजतागायत आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा विजेची डोंगरी सायकल घेऊन तलवाड्यास आला. अशी सायकल मोटर ०.२५ किलोवॉटहून कमी शक्तीची व वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी असेल तर कायद्याने मोटारवाहन ठरत नाही, हे तोच मला सांगत होता. त्याने मूळचा १३० मिलिमीटर दबणारा चिमटा काढून १६० चा बसविला होता. शेताकडे जाणाऱ्या पांदणीत उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि पावसाळ्यात पडलेली चाकोरी दगडासारखी वाळते. (चाकाने कोरलेली ती चाकोरी, 'चाकोरीबद्ध' म्हणताना आपण ही वाळलेली माती विसरतो.) तेथून तो सुखाने गेला. पण चढणीस लागताच पुढचे चाक हलके होऊन इकडेतिकडे भरकटू लागले, आणि दोनदा तो बाजूच्या बोरीच्या काट्यांत गेला. त्याचा समज असा की चिमटाच सदोष आहे. "मामा, तुम्ही कोनांचं काहीतरी लिहिताय ना, मग सांगा," असे तो थोड्या उपरोधानेच म्हणाला.

आम्ही ओट्यावर कागद घेऊन बसलो. चिमटा ३० मिलिमीटरने लांबला, दोन चाकांतील अंतर १२०० मिलिमीटर. म्हणजे सबंध सांगाडा सुमारे १.३ अंशाने मागे कलला. शिरःकोन ६६ चा ६४.७ झाला आणि अनुगमन दहाएक मिलिमीटरने वाढले. हे सर्व जण बोलतात. परंतु त्याच वेळी बैठकीच्या नळीचा कोनही ७६ वरून ७४.७ वर आला, ही गोष्ट नजरेतून सुटते. पायडलचा आस एक सेंटिमीटर उंच झाला व स्वार मागच्या चाकाकडे सरकला. साध्या सायकलीवर याचे फारसे वाटले नसते, कारण एवढ्या उभ्या चढणीवर माणूस उतरून सायकल ढकलतो. मोटर मात्र बसल्या जागी चढविते, तेव्हा पुढच्या चाकावर भार राहणे हाच सगळा प्रश्न होऊन बसतो. म्हणूनच अशा सायकलींचे रचनाकार बैठकीचा कोन ७६ ते ७८ अंशांपर्यंत उभा ठेवतात.

मग लांब चिमटा घेऊच नये काय? सांगाडा घडविणाऱ्याने आसापासून माथ्यापर्यंतची जी कमाल लांबी सांगितली असेल तिच्या आत दहा मिलिमीटरचा फरक सोसतो. वीसवर जवळजवळ एक अंश जातो. त्या मर्यादेपलीकडे माथ्याच्या नळीच्या सांध्यावर ताण वाढून सांगाडा तेथेच मोडण्याचा धोका आहे, आणि पंचवीस किलोच्या सायकलीवर तो अधिक. लांबीपेक्षा जाडीचा विचार आधी करावा : वजनदार विजेच्या सायकलीस ३६ किंवा ३८ मिलिमीटर जाडीच्या नळ्यांचा, बळकट दांडीचा चिमटा शोभतो. दूधवाल्याने नेमके हेच केले होते. आणि नवा चिमटा विकत घेण्यापूर्वी आहे त्याचीच हवा तपासावी. स्वार बसल्यावर तो एकूण दबण्याच्या वीस ते पंचवीस टक्के दबला पाहिजे. भाच्याच्या चिमट्यात हवा इतकी भरलेली होती की तो दहा टक्केही दबत नव्हता. त्यामुळे पुढचा भाग हिशेबाहूनही उंच राहिला होता.

हवा कमी केली, बैठक रुळावर पुढे सरकविली आणि तिचे नाक किंचित खाली केले. चढणीवर फरक पडला, पण पुरता नाही. जुना चिमटा त्याने पुण्यास ठेवलेला होता. तो परत बसवावयाचा की १४० चा शोधावयाचा, हे ठरेपर्यंत त्याने आमची जुनी रोडस्टर काढली. तिच्या चिमट्यावर त्या कारागिराने नळी अडकविली होती तेथली खूण अजून आहे.