विजेरीचे उच्चप्रवाही बल्ब व रिचार्जेबल सेल

विजेरीत तीन अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह घेणारे तंतूचे बल्ब, मुख्यतः छोटे हॅलोजन बल्ब, पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलांवर चालवण्याची पद्धत. नेहमीच्या विजेरीचा बल्ब फारच कमी प्रवाहावर भागवतो. दोन सेलांच्या विजेरीतील ‘पीआर २’ हा बल्ब २.३८ व्होल्टला ०.५ अँपिअर घेतो. याउलट सूक्ष्मदर्शकात वापरला जाणारा ६ व्होल्ट, ३० वॉटचा दोन पिनांचा हॅलोजन बल्ब ५ अँपिअर, म्हणजे दहापट प्रवाह मागतो. सेलावर छापलेले व्होल्ट जुळले तरी एवढा प्रवाह देताना ते टिकतात का, यावरच अशा विजेरीचा उजेड ठरतो.

साध्या सेलांची मर्यादा : प्रत्येक सेलाला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. मोठ्या (डी आकाराच्या) ताज्या अल्कलाइन सेलाचा रोध ०.१५ ओहम धरला, तर एकापुढे एक लावलेल्या चार सेलांचा ०.६ ओहम होतो. त्यांतून ५ अँपिअर घ्यायचे म्हटले, तर ६ पैकी ३ व्होल्ट सेलांच्या आतच खर्ची पडतील. प्रत्यक्षात बल्बला तेवढा प्रवाह मिळतच नाही. तो पिवळट जळतो, सेल तापतात आणि त्यांची बरीचशी क्षमता वाया जाते.

सेलांचे प्रकार : स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये शोधलेला निकेल-कॅडमियम सेल मोठा प्रवाह सहज देतो, पण कॅडमियम विषारी आहे. निकेल-मेटल हायड्राइड सेलाची क्षमता अधिक असते. चांगल्या डी सेलात ८ ते १० अँपिअर-तास विद्युत् भार साठतो आणि त्याचा अंतर्गत रोध अल्कलाइन सेलाच्या कैक पटींनी कमी असतो. मात्र काही डी सेलांच्या मोठ्या आवरणात एए सेलाइतकीच क्षमता भरलेली असते. म्हणून विकत घेताना छापलेले अँपिअर-तास वाचावेत आणि सेल हातात घेऊन वजन पाहावे. १९९१ मध्ये बाजारात आलेल्या लिथियम-आयन सेलाचा सरासरी दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट, तर पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट असतो. यातील १८६५० हा सेल १८ मिमी. जाड व ६५ मिमी. लांब असतो.

दाबाची जुळणी : तंतूच्या बल्बचा उजेड ढोबळमानाने दाबाच्या ३.४ व्या घाताच्या प्रमाणात वाढतो, तर आयुष्य बाराव्या किंवा त्याहून मोठ्या घाताने घटते. दाब ५ टक्क्यांनी वाढवला तर उजेड सुमारे १८ टक्के वाढतो आणि आयुष्य जवळजवळ निम्मे होते. ६ व्होल्टच्या बल्बला १.२ व्होल्टचे पाच हायड्राइड सेल नेमके जुळतात. दोन लिथियम सेल लावल्यास पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट मिळतात आणि बल्ब उडतो. ताजे चार्ज केलेले हायड्राइड सेलही सुरुवातीला १.४ व्होल्टच्या आसपास असतात, म्हणून चार्जिंगनंतर त्यांना थोडा वेळ विसावू द्यावे.

मार्गातील रोध : स्प्रिंग, बटण व जोड यांचा मिळून ०.१ ओहम रोध असला, तर ५ अँपिअरला ०.५ व्होल्ट तिथेच गळतात आणि उजेड सुमारे चतुर्थांशाने कमी होतो. शिवाय अडीच वॉट उष्णता निर्माण होऊन स्प्रिंग मऊ पडते. स्प्रिंगवर तांब्याच्या तारांची वेणी डाख देऊन जोडली, की प्रवाह स्प्रिंगऐवजी वेणीतून वाहतो. संपर्काची टोके स्वच्छ ठेवणेही तितकेच आवश्यक.

चालू होतानाचा झटका : थंड टंगस्टन तंतूचा रोध तप्त तंतूच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असू शकतो. त्यामुळे बटण दाबताच क्षणभर कित्येक पट प्रवाह धावतो. कमी रोधाचे सेल तो प्रवाह अडवत नाहीत, म्हणून बल्ब बहुधा चालू करतानाच उडतो. तापल्यावर रोध घटणारा थर्मिस्टर किंवा दाब हळूहळू वाढवणारे इलेक्ट्रॉनिक मंडल लावल्यास हा धोका टळतो. लिथियम सेलातील संरक्षक मंडलही याच झटक्याने वीज तोडू शकते.

दक्षता : एका विजेरीत एकाच जातीचे, वयाचे आणि सारखे चार्ज केलेले सेल वापरावेत. दाब प्रतिसेल १ व्होल्टच्या खाली गेला, की सर्वांत दुबळा हायड्राइड सेल उलट दिशेने चार्ज होऊन खराब होतो. उजेड पिवळा पडताच विजेरी बंद करावी. संरक्षक मंडल नसलेला लिथियम सेल शॉर्ट झाल्यास पेट घेऊ शकतो. प्रत्येक जातीच्या सेलासाठी तिचाच चार्जर वापरावा. बल्बला मिळणाऱ्या ऊर्जेतील बहुतांश भाग उष्णता होत असल्याने परावर्तक धातूचा व पुढची काच उष्णतारोधक असावी. हॅलोजन बल्बला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये. बोटांच्या तेलकट डागांमुळे तप्त क्वार्ट्झ कमकुवत होते.

सद्यःस्थिती : पांढऱ्या एलईडीने कमी ऊर्जेत तेवढाच उजेड देऊन हे बल्ब बहुतेक ठिकाणी मागे टाकले आहेत. तरी प्रखर एलईडी विजेरीही एकाच १८६५० सेलातून तीन अँपिअरहून जास्त प्रवाह घेऊ शकते. म्हणून आजही सेल निवडताना अँपिअर-तासांबरोबर तो सलग किती अँपिअर देऊ शकतो, हा आकडा तपासावा लागतो.