नाशिकचे आफ्रिकन ख्रिस्ती आणि पूर्वजांविषयींची श्रद्धा

नोव्हेंबरच्या २ तारखेस मेणबत्त्या व फुलें घेऊन आपल्या कबरस्तानांत जी गर्दी लोटते, तिच्याविषयीं मला वारंवार विचारण्यांत येतें, "फादर, हा धर्म कीं वाडवडिलांची जुनी चाल?" ह्या प्रश्नाचा विचार करतांना मला एक आफ्रिकेची कथा आठवते. तिचें एक टोक आपल्या नाशकांत आहे.

एकोणिसाव्या शतकांत गलबतांतून गुलाम म्हणून नेण्यांत येणारीं आफ्रिकन मुलें इंग्रजी आरमार सोडवून आणी व त्यांतील कित्येकांस मुंबई बंदरीं उतरवी. त्यांपैकीं पुष्कळांस नाशिकजवळील शरणपूर येथें चर्च मिशनरी सोसायटीनें आश्रय दिला. (हें मिशन अँग्लिकन, आपलें नव्हे, परंतु सत्कृत्य सांगतांना पंथ आड येऊं नये.) याओ जमातीचा जेकब वेनराइट हा तेथेंच शिकला.

याओ लोक परमशक्तीस मुलुंगू म्हणत. परंतु मुलुंगू दूर; जवळचे ते मृत पूर्वज. झाडाच्या बुंध्याशीं पीठ ठेवून त्यांची विनवणी करावयाची. मनुष्य मेला तरी कुळांतून जात नाहीं, अशी त्यांची धारणा. सेमिनरींत हें सर्व मला 'भोळ्या समजुती' ह्या एकाच सदराखालीं शिकविण्यांत आलें. तें सदर फार अपुरें होतें, असें आतां वाटतें.

१८७३ च्या मे महिन्यांत डेव्हिड लिव्हिंग्स्टन हे सध्यांच्या झांबियांतील चितांबो नामक सरदाराच्या गांवीं वारले. जेकब त्यांच्याजवळ होता, सूसी होता, मुंबईंत बाप्तिस्मा घेतलेला चूमाही होता. परका मनुष्य गांवांत मेला म्हणजे सरदार त्याच्या सोबत्यांकडून जबर दंड मागेल, ह्या भीतीनें त्यांनीं प्रथम मृत्यु लपविला. चितांबोला तो कळलाच; पण दंड मागण्याऐवजीं तो स्वतः आपल्या लोकांसह शोक करावयास आला. नगारे वाजले. पायांत पोकळ बियांचे वाळे बांधलेला एक शोककर्ता नाचत गात राहिला. पुढें लिव्हिंग्स्टनचें काळीज एका झाडाखालीं पुरलें, तेव्हां जेकबनें दफनाच्या प्रार्थना वाचल्या व त्या झाडावर नांव आणि तारीख कोरली.

उन्हांत वाळविलेला देह त्यांनीं सुमारें नऊ महिने वाहून समुद्राकांठीं आणला. वाटेंत एके ठिकाणीं लोक प्रेत पुढें नेऊं देईनात. तेव्हां तें परत पाठविल्याचें सोंग करून, कापडाच्या गठ्ठ्यासारखें बांधून नेलें. १८७४ च्या फेब्रुवारींत तो देह बागामोयो येथें पोंचला व तेथील आपल्या कॅथलिक मिशनच्या, पवित्र आत्म्याच्या संघाच्या पाद्रींनीं त्यास आसरा दिला. १८ एप्रिल रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेंत दफन झालें, त्या वेळीं शवपेटिकेचा मान मिळालेल्यांत जेकबही होता.

मृतांचें भय आणि मृतांवरील प्रीति ह्या दोन्ही त्या प्रवासांत एकत्र चालल्या होत्या. ख्रिस्ती विश्वास पहिलीला निरोप देतो. दुसरीला मात्र तो आपल्या घरांत जागा देतो. आपण मृतांना पीठ वाहत नाहीं, त्यांच्यासाठीं मिस्सा अर्पण करतों; त्यांच्या कोपास भीत नाहीं, परंतु ते आपले आहेत हें सोडीत नाहीं. १९६४ सालीं मुंबईस आलेले पोप सहावे पॉल ह्यांनीं १९६७ च्या आपल्या संदेशांत आफ्रिकन कुटुंबभावनेचा व ईश्वरकल्पनेचा गौरव केला, आणि १९६९ मध्यें कंपाला येथें, आफ्रिकनांचें ख्रिस्तीपण आफ्रिकन असावें, असें सांगितलें. चीचेवा भाषेंतील बायबलांत देवाचें नांव मुलुंगू हेंच आहे. आपल्याकडे फादर स्टीफन्स ह्यांनीं १६१६ सालच्या ख्रिस्तपुराणांत वैकुंठ हा शब्द निःशंक वापरला होता.

१८७४-७५ मध्यें शरणपूरच्या पुष्कळ आफ्रिकनांस मोंबासाजवळील फ्रेअरटाउन येथें नेण्यांत आलें. जेकबनें कोरलेला झाडाचा तुकडा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीजवळ आहे. नाशकांत शरणपूर रोड आहे.