चौपाटीवरचे विमान आणि विठ्ठलवाडीचे शेत

विठ्ठलवाडी स्थानकातून बाहेर पडून मलंगगडाच्या रस्त्याला लागले, की इमारतींच्या मागे अजूनही काही भातखाचरे शिल्लक दिसतात. भात कापून झाले की ती कोरडी होतात आणि मृगापर्यंत मोकळी पडून राहतात. अशाच एका खाचरात आम्ही काही मित्रांनी एका हिवाळ्यात रेडिओवर चालणारे विमान उडवायला शिकण्याचा उद्योग आरंभला. विमान फोमचे होते. पंखांचा पसारा सव्वा मीटर, वजन किलोभराच्या आत. पहिल्या दिवशी ते नऊ सेकंद हवेत राहिले आणि बांधावर नाक आपटून निजले. शेताचे मालक, एक वयस्क गृहस्थ, शांतपणे जवळ आले आणि त्यांनी विचारले, “केवढ्याला पडलं?” आमच्यातला एक जण म्हणाला, “आजोबा, आत्ताच पडलंय. केवढ्याला ते दुरुस्तीनंतर सांगतो.”

या परिसराला विमाने नवी नाहीत. येथून जवळच नेवाळीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टी आहे. त्याच युद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित राहिले आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. धावपट्टीसाठी सरकारने घेतलेल्या जमिनींचा वाद मात्र युद्धाबरोबर संपला नाही. जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचे आंदोलन भडकले तेव्हा नेवाळीचे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आले. पण आमचा विषय धावपट्टीचा नव्हे. आम्हांला त्या खाचरात आठवण झाली ती शिवकर बापूजी तळपदे यांची. ती का झाली, हे सांगण्यासाठी आधी शिकण्याविषयी थोडे लिहावे लागेल.

नवशिक्याची समजूत अशी असते, की विमान उडवणे म्हणजे ते वर चढवणे. ही समजूत पहिल्या पाच मिनिटांत संपते. मोटर पुरेशी ताकदीची असेल, तर विमानाला वाऱ्याच्या तोंडावर फेकताच ते वर जाते. त्यात शिकाऊ माणसाचे कर्तृत्व काहीच नसते. खरी अडचण त्यानंतरच्या क्षणाला सुरू होते. एक पंख किंचित खाली जातो. आपण काडी उलट बाजूला देतो, जरा अधिकच देतो, मग दुसरा पंख खाली जातो. नाक वर ओढावे असे हाताला वाटते आणि हात ते ओढतो. वेग मरतो, पंखांवरचा हवेचा आधार तुटतो आणि विमान दगडासारखे खाली येते. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे, विमान आपल्यापासून दूर जात असते तोवर डावे ते डावेच असते, पण ते वळून आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटते. बुद्धीला हे ठाऊक असते, बोटांना नसते. जाणत्यांनी आम्हांला यावर एक तोडगा सांगितला: विमान समोरून येत असताना जो पंख खाली झुकेल त्याच बाजूला काडी न्यावी, जणू त्या पंखाखाली टेकू देत आहोत. हा टेकू बोटांत मुरायला आम्हांला दोन महिने लागले.

शिकाऊ विमानाची घडणही याच अडचणीला उत्तर म्हणून ठरलेली असते. पंख धडाच्या वर असतात आणि दोन्ही टोकांकडे किंचित उचललेले असतात, त्यामुळे विमान कलले तरी काडी सोडून दिल्यावर आपण होऊन सावरू पाहते. पंखांच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर त्याचा तोल यावा लागतो. बॅटरी दोन बोटे मागे सरकली तरी तेच गुणी विमान अनावर होते. म्हणजे विमान हवेत टिकवण्याचे दोन मार्ग आहेत. एकतर ते घडणीतच इतके स्थिर हवे की कोणी हाकलेच नाही तरी चालेल, किंवा ते क्षणोक्षणी सावरणारे कोणीतरी हवे, आत बसलेले अथवा बाहेर उभे.

आता तळपद्यांकडे वळू. मुंबईच्या पाठारे प्रभू ज्ञातीतील हे गृहस्थ १८६४ साली जन्मले. सर ज. जी. कला विद्यालयाशी त्यांचा संबंध होता, आर्यसमाजी विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि वेदांत विमानविद्या आहे या श्रद्धेने त्यांनी प्राचीन विमानकलेवर लेखनही केले. त्यांच्याविषयीची कथा सर्वांना ठाऊक आहे: १८९५ साली त्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे मनुष्यविरहित विमान गिरगाव चौपाटीवर उडवले. ते १५०० फूट उंच गेले आणि खाली आले. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड हा सोहळा पाहायला हजर होते. ‘केसरी’ने वृत्त छापले. म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी!

या कथेवर इतिहासकारांचा आक्षेप सरळ आहे. समकालीन पुरावा मिळत नाही. ‘केसरी’च्या ज्या अंकाचा हवाला दिला जातो तो अंक कोणी पुढे ठेवत नाही. १८९५ हे वर्ष तर असे, की सामाजिक परिषदेच्या मंडपावरून पुण्यात टिळकपक्ष आणि रानडे यांचे उघड वाजले होते. त्या वर्षी ‘केसरी’ने रानड्यांच्या साक्षीने झालेल्या अशा चमत्काराचे वृत्त दिले असते, तर ते कोणाच्या नजरेतून सुटले नसते. शिवाय बडोद्याचे महाराज आणि उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भर चौपाटीवर उभे असताना मुंबईतल्या इंग्रजी पत्रांनी गप्प बसावे, हेही नवलच.

आमचा आक्षेप मात्र कागदाचा नाही, खाचरातला आहे. ते विमान सावरत कोण होते?

आत माणूस नव्हता. बाहेरून सावरावे तर त्यासाठी लागणारे साधन जगात कोठेच नव्हते. निकोला टेस्लाने बिनतारी लहरींनी एक छोटी नाव न्यूयॉर्कमध्ये चालवून दाखवली ती १८९८ साली, आणि तीही पाण्यावर, जिथे चुकलेली नाव थांबून राहते. रेडिओने हाकलेले नमुना-विमान यशस्वी झाले ते १९३७ साली. वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकन जुळ्या भावांचे ते ‘गफ’ नावाचे विमान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तेव्हा चौपाटीवरचे विमान उडाले असेलच, तर ते घडणीनेच स्थिर असले पाहिजे. ही गोष्ट अशक्य मुळीच नव्हती. आल्फोंस पेनो या फ्रेंच तरुणाने १८७१ साली पॅरिसमध्ये पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर एक लहानगे विमान अकरा सेकंद उडवले होते. (आमच्या पहिल्या दिवसापेक्षा दोन सेकंद अधिक, हे नमूद केले पाहिजे.) वर उचललेले पंख आणि मागे शेपटी हीच त्याची युक्ती होती. आमचे फोमचे विमान त्याचेच दूरचे वंशज म्हणायचे.

परंतु असे विमान रबराच्या पिळावर उडवणे वेगळे आणि चौपाटीवरून १५०० फूट चढवणे वेगळे. तीनशे फुटांवर आमचे सव्वा मीटरचे विमान घारीएवढे दिसते आणि ते येत आहे की जात आहे हे कळेनासे होते. १५०० फुटांवर ते ठिपकाही राहणार नाही. मोठे विमान दिसेल हे खरे, पण वाळूवर उभे राहून त्याची उंची मोजली कोणी आणि कशाने? उंचीचा एवढा नेमका आकडा ज्या कथेत आहे, त्या कथेत विमानाचे वजन, पंखांचा पसारा, वाऱ्याची दिशा यांपैकी एकही आकडा नाही. चौपाटीवर दुपारनंतर वारा समुद्रावरून येतो. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर सोडतात, म्हणजे ते समुद्राकडे जायला हवे. कथेतले विमान कोणत्या दिशेने गेले हेही कोणी सांगत नाही. ज्याने एकदा तरी विमान सोडले आहे, त्याला वारा पहिल्यांदा आठवतो, उंची शेवटी.

तुलनेसाठी एक प्रसंग अगदी हाताशी आहे. ६ मे १८९६ रोजी, म्हणजे चौपाटीच्या कथेनंतर वर्षभरातच, सॅम्युएल लँग्ली यांचे मनुष्यविरहित, वाफेवर चालणारे ‘एरोड्रोम क्रमांक ५’ वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीवर सुमारे १००० मीटर उडाले. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तेथे उपस्थित होता आणि त्याने घेतलेले छायाचित्र आजही उपलब्ध आहे. पण आम्हांला त्या छायाचित्राहून मोलाचे वाटते ते त्याआधीचे वाङ्मय. लँग्लींची आधीची यंत्रे पडली, मोडली, पाण्यात गेली, आणि त्या सर्वांच्या नोंदी आहेत. कोठे सांगाडा दुबळा पडला, कोठे सोडण्याची यंत्रणा अडली, हे सारे लिहिलेले आहे. त्यामुळे यशाचा दिवस येतो तेव्हा तो पटतो. लँग्ली एवढे करूनही पुढे चुकले. हेच यंत्र मोठे करून त्यात माणूस बसवावा, असे त्यांना वाटले. १९०३ च्या ऑक्टोबरात आणि डिसेंबरात ते दोनदा नदीत कोसळले. दुसऱ्या पडझडीनंतर नऊच दिवसांनी, १७ डिसेंबरला, राइट बंधू उडाले.

राइट बंधूंचे उत्तर नेमके कोठे वेगळे होते? १८९९ साली त्यांनी पहिल्यांदा केला तो एक पतंग, पंख पिळून त्याला हवेत कलवता येते का हे पाहण्यासाठी. मग सलग तीन वर्षे, १९०० ते १९०२, विनाइंजिनाची ग्लायडरे. १९०२ च्या शरद ऋतूत त्यांनी शेकडो वेळा उड्डाण केले. इंजिन बसवले ते सर्वांत शेवटी. इतरांनी विमान वर कसे न्यावे हा प्रश्न धरला होता, यांनी ते हाकायचे कसे हा. खाचरात पहिल्या पाच मिनिटांत जे कळते तेच त्यांनी आरंभी ओळखले होते. फरक इतकाच, की त्यांना सांगायला कोणी जाणता नव्हता.

तळपद्यांच्या कथेला पुढे आणखी एक शेपूट जोडले गेले. ‘वैमानिक शास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ भारद्वाज ऋषींच्या नावावर सांगितला जातो. प्रत्यक्षात तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहवून घेतला, म्हणजे तळपद्यांच्या निधनानंतर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्यातील आकृत्या आणि वर्णने तपासून ही विमाने उडण्याजोगी नाहीत असा निर्वाळा दिला. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तळपद्यांवरचा ‘हवाईजादा’ चित्रपट झळकला. एका बाजूला टाळ्या, दुसऱ्या बाजूला टवाळी. या गलबल्यात हरवले ते तळपदेच.

आम्हांला ते हरवू द्यावेत असे वाटत नाही. १८९० च्या दशकात मुंबईतला एक माणूस विमान करू पाहतो, वेदांवरच्या श्रद्धेने का होईना, पण हाताने काही बांधू पाहतो, ही गोष्ट आमच्या मते स्वतंत्रपणे मोलाची आहे. त्याला राइट बंधूंच्या पुढे उभे करण्याच्या हट्टापायी आपण त्याचे सगळे शिकणे पुसून टाकले. कथेत तळपदे कधीच नवशिके नाहीत. त्यांचे विमान एकदाही बांधावर आपटत नाही, वाऱ्याने उलटत नाही, शेपटी जड होऊन मागे कलंडत नाही. ते थेट न्यायमूर्ती आणि महाराजांच्या समोर १५०० फूट चढते. आपल्याकडे चरित्र लिहिण्याची जी पद्धत आहे, जीत संत जन्मतःच संत आणि वीर पाळण्यातच वीर, तीच येथे यंत्राला लावलेली दिसते.

हे अपरिहार्य नाही, याचे उदाहरण मुंबईतच आहे. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. पुढच्या वर्षी त्याची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये चाचणी-उड्डाणाची परवानगी मिळाली. त्याआधीचे त्यांचे प्रयत्न निष्फळ ठरले होते आणि ते त्यांनी लपवलेले नाहीत. परवानगीसाठी किती वर्षे गेली तेही सर्वांसमोर आहे. या विमानाविषयी कोणाला शंभर वर्षांनी लिहायचे झाले, तर त्याला दंतकथेवर विसंबावे लागणार नाही.

तळपद्यांच्या बाबतीत कथा सांगते, की त्यांच्या पश्चात विमानाचे अवशेष एका परदेशी कंपनीला विकले गेले. अवशेष गेले तर गेले. पण चिराबाजारातल्या कोण्या जुन्या पेटीत बांबूचा भाव, कापडाचे वार, सरसाचा खर्च आणि पुढे ‘आज पुन्हा मोडले’ एवढाच शेरा असलेले एक पान जरी निघाले, तरी ते आम्हांला ‘केसरी’च्या त्या न सापडणाऱ्या अंकापेक्षा अधिक हवे आहे. आमच्याही वहीत असेच आहे. तारीख, वारा कोठून, बॅटरी कोणती, किती सेकंद, कोणता भाग मोडला. मृग लागेपर्यंतची बहुतेक पाने फायबर टेप आणि गोंदाच्या हिशेबाने भरलेली आहेत. शेवटच्या नोंदीत विमान चार मिनिटे उडून शेताच्या मधोमध उतरले आहे, आणि तिच्याखाली पेन्सिलीने लिहिले आहे, की शेतमालक आजोबा त्या दिवशी गावाला गेले होते.