कारळ्याच्या मुलखात शेंगदाणा

मावळातल्या डोंगरउताराच्या हलक्या जमिनीला वरकस म्हणतात. भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांत या वरकसावर पिढ्यान्‌पिढ्या एकच फेरा चालत आला. झाडोरा तोडून, जाळून मोकळ्या केलेल्या जागेत पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई आणि तिसऱ्या वर्षी कारळे. मग जमीन काही वर्षं पडीक. भाकरी आधी, भगर नंतर आणि तेल सगळ्यांत शेवटी, असा जणू त्या मातीचाच क्रम होता.

कारळे म्हणजे खुरासणी. दाणा काळा, बारीक, चकचकीत. पावसाळा सरता सरता उतारच्या उतार पिवळ्या फुलांनी भरून जायचे. मूळचं हे पीक इथिओपियाचं, पण सह्याद्रीत ते इतकं जुनं झालं की त्याला कुणी परकं मानत नाही. दाण्यात पस्तीस ते चाळीस टक्के तेल. तेल्याच्या लाकडी घाण्यावर ते निघायचं, उरलेली पेंड दुभत्या जनावरापुढे जायची आणि मूठभर दाणे भाजून, लसूण-मिरचीबरोबर कुटून भाकरीवर चटणी व्हायची. मावळच्या ताटात स्निग्ध म्हणून जे काही होतं त्यात या चटणीचा आणि तेलाचा वाटा मोठा होता. तूप सणावाराला.

शेंगदाणा या ताटात फार उशिरा आला. भुईमुगाचं मूळ दक्षिण अमेरिकेत, आजच्या बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या टापूत. पोर्तुगीजांच्या व्यापारामागोमाग तो आफ्रिका आणि आशियात पोचला, पण पश्चिम भारतात शेतातलं पीक म्हणून त्याचा खरा पसारा झाला तो एकोणिसाव्या शतकात. तोरणा आणि राजगड ज्या काळामुळे प्रसिद्ध आहेत, त्या सतराव्या शतकातल्या मावळ्याच्या शिदोरीत गूळ-शेंगदाणे कल्पायचे ते आजच्या ट्रेकरच्या सवयीने. टिळकांच्या शाळेतली शेंगांच्या टरफलांची गोष्ट महाराष्ट्रात प्रत्येकाने ऐकलेली असते. ती आख्यायिका म्हणून घेतली तरी तिला बसायला काळ सापडतो तो 1860च्या दशकापासूनचाच.

भुईमूग वाढला तो मुख्यतः गिरणीसाठी. फ्रान्समधल्या मार्सेय बंदरातल्या तेल आणि साबणाच्या कारखान्यांना शेंगदाणा हवा होता. ती मागणी आधी पाँडिचेरी-मद्रासच्या बाजूला पोचली आणि मग मुंबई इलाख्यातही. साताऱ्याच्या शेतकऱ्याला त्यात रोख पैसा दिसला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या पसऱ्या जाती रोगाने खंगल्या, तेव्हा शेतीखात्याने स्पॅनिश आणि जपानी अशी बाहेरून आणलेली वाणं शेतकऱ्यांच्या हाती दिली. 1937 मध्ये ‘डालडा’ बाजारात आला आणि शेंगदाण्याचं तेल घट्ट होऊन डब्यातून घरोघर शिरलं.

भोर-वेल्ह्याच्या उंबरठ्यावर मात्र हे पीक थबकलं. फुलोरा संपला की भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत शिरतात आणि शेंगा मातीखाली भरतात. त्यासाठी माती भुसभुशीत हवी, पाण्याचा निचरा हवा. घाटमाथ्यालगतच्या वेल्ह्यात पाऊस असा कोसळतो की शेंग भरण्याऐवजी कुजायचीच शक्यता जास्त. म्हणून भुईमूग रमला तो पूर्वेकडच्या, कमी पावसाच्या बाजूला. वरती पश्चिमेला भात, नाचणी, वरई आणि कारळे यांचंच राज्य राहिलं.

हा सगळा मुलूख तेव्हा मोठ्या प्रमाणात पंतसचिवांच्या भोर संस्थानाचा होता. संस्थानच्या तालुक्यांना किल्ल्यांचीच नावं: विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा, शिवाय राजगड आणि घाटाखालचा सुधागड. 8 मार्च 1948 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधीच इथल्या पाण्याने दुसरीकडची शेतं फुलवायला सुरुवात केली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भोरजवळ भाटघरला वेळवंडी नदीवर धरण झालं, पुढे 1928 मध्ये त्याच्या जागी मोठं लॉइड धरण उभं राहिलं आणि नीरेच्या कालव्यांनी पाणी खाली बारामती-फलटणकडे गेलं. खोऱ्यातली खाचरं पाण्याखाली गेली आणि बागायत झाली ती खालच्या मुलखाची. मावळच्या माणसाला शेंगदाणा मिळायचा तो बहुधा बाजारातून, पायलीने नव्हे तर पावशेराने.

म्हणूनच इथे शेंगदाणा कधी पोटभर खायचा पदार्थ झाला नाही. तो चिमटीने आणि मुठीने वापरला गेला. आमटीला दाटपणा यावा म्हणून कूट, भाजीला चव यावी म्हणून कूट, प्रवासात गुळाच्या खड्याबरोबर मूठभर. त्याची सगळ्यांत ठळक जागा उपासाच्या ताटात. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी ही जोडी आज इतकी पक्की आहे की ती कायमचीच असावी असं वाटतं. प्रत्यक्षात वरई या डोंगरांतली आणि दाणे, बटाटा, मिरची, साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद हे सारे अमेरिका खंडातून आलेले पाहुणे. उपासाला गहू-तांदूळ वर्ज्य, पण या पाहुण्यांबद्दल जुन्या नियमांत काहीच नव्हतं, त्यामुळे त्यांना अडवणारंही कुणी नव्हतं.

या सगळ्या काळात शेंगदाण्याची ख्याती होती ती अंगी लागणारा म्हणून. वजन उतरवायला तो खावा, हे भात लावणाऱ्या बाईला सांगितलं असतं तर तिने चेष्टाच समजली असती. विज्ञानानेही त्याच्याकडे तसंच पाहिलं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कुपोषणावर उपाय म्हणून जे बहुउद्देशीय पीठ बनवलं, त्यात तीन भाग शेंगदाण्याचं पीठ आणि एक भाग हरभऱ्याचं होतं. 1996 मध्ये आंद्रे ब्रियां या फ्रेंच बालरोगतज्ज्ञाने शेंगदाण्याचं लोणी, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं एकत्र करून ‘प्लम्पीनट’ तयार केलं. 92 ग्रॅमच्या एका पाकिटात 500 उष्मांक. आफ्रिकेतल्या दुष्काळी छावण्यांत हाडांचा सापळा झालेली मुलं त्यावर वजन धरू लागली.

पीनट बटरचा जन्मही बारीक होऊ पाहणाऱ्यांसाठी झालेला नाही. 1884 मध्ये माँट्रियलच्या मार्सेलस एडसनने भाजलेल्या शेंगदाण्यांच्या लगद्याचं पेटंट घेतलं. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथल्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी मांसाला पर्याय म्हणून आणि ज्यांना चावता येत नाही अशा रोग्यांसाठी दाण्यांचं लोणी पुढे आणलं. तेच लोणी शंभरएक वर्षांनी व्यायामशाळांच्या वाटेने पुण्यात आलं आणि शनिवार-रविवारी राजगड चढणाऱ्यांच्या पाठपिशवीतून वेल्ह्यातही पोचलं.

वजन उतरवण्याशी त्याचं नाव जोडलं गेलं, त्याला काही आधार आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या 2002 च्या एका प्रयोगात रोज सुमारे 500 उष्मांकांचे शेंगदाणे आठ आठवडे खाणाऱ्यांचं वजन हिशेबाने साडेतीन किलोंहून अधिक वाढायला हवं होतं, ते सरासरी एक किलोच वाढलं. दाण्यांनी पोट भरलेलं राहतं आणि माणूस इतर वेळी आपोआप कमी खातो, हे त्याचं मुख्य कारण. बॉस्टनमधल्या 2001 च्या अभ्यासात 101 जणांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाला स्निग्ध पदार्थ अगदी कमी, दुसऱ्याला शेंगदाणे, पीनट बटर, ऑलिव्ह तेल यांसह मध्यम. दीड वर्षानंतर पहिल्या गटातले जेमतेम 20 टक्के टिकले, दुसऱ्यातले 54 टक्के. चवीचं जेवण मिळालं की माणूस पथ्य सोडत नाही.

पण त्यात एक मेख आहे. अख्खा दाणा कितीही चावला तरी त्यातलं थोडं तेल पेशींच्या भिंतींत अडकून न पचताच बाहेर पडतं. यंत्रात गुळगुळीत वाटलेल्या लोण्यात त्या भिंती मोडलेल्या असतात, म्हणून त्यातलं तेल जास्त पचतं. दोन मोठे चमचे, म्हणजे 32 ग्रॅम पीनट बटरमधून सुमारे 190 उष्मांक आणि सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात. भाजीत पडणाऱ्या चमचाभर कुटातून पन्नासएक उष्मांक. कूट भाजीत मावेल तेवढंच पडतं. बरणीत चमचा किती वेळा बुडाला, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. सकाळच्या बटर-जॅमच्या जागी पीनट बटर आलं तर फायदा, त्यांच्या जोडीला आलं तर निव्वळ भर. काही बरण्यांत साखर आणि पामतेलही असतं, ते लेबलवर वाचावं लागतं.

आणि भात लावणाऱ्या त्या बाईची गोष्ट निराळीच. दिवसभर चिखलात वाकून रोपं खोचणाऱ्या अंगाला हे 190 उष्मांक दुपारपर्यंतही पुरत नाहीत. तिचा मुलगा पुण्यात दिवसभर खुर्चीत बसत असेल, तर त्याला तेवढे जिरवायला पाऊण तास झपाझप चालावं लागेल.

दरम्यान वरकसावरचं कारळं मागे पडत चाललं आहे. राहुरी कृषी विद्यापीठाच्या इगतपुरी केंद्राने त्याचं ‘सह्याद्री’ नावाचं वाण काढलं, तरी पेरा वाढेना. भारतातलं बरंचसं कारळं परदेशी जातं. अमेरिकेत ते उष्णता देऊन, उगवणार नाही असं करून, गोल्डफिंच नावाच्या छोट्या पिवळ्या पक्ष्यांना घातलं जातं. भोर-वेल्ह्याच्या घरांत उरली आहे ती चटणी. ती मात्र इतकी तिखट असते की बरणीतून थेट चमच्याने खायची कुणाची छाती होत नाही.