ठाण्यातलं दुसरं टेबल

क्रॉफर्ड मार्केटचं कागदोपत्री नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. ते नाव कुणी घेत नाही, टॅक्सीवाला तर नाहीच. या मंडईसमोर मुंबई पोलीस आयुक्तालय आहे आणि १९८४ साली तिथे एक वेगळंच टेबल लागलं. त्यामागे बसणाऱ्या बाईच्या अंगावर खाकी नव्हती, तिची नेमणूकही पोलिसांनी केलेली नव्हती. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, म्हणजे 'टिस'ने, प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या वास्तूत आणून बसवल्या होत्या. नाव ठेवलं 'महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष'. तेव्हा आयुक्त होते ज्युलिओ रिबेरो.

काळ आठवून पाहावा. १९७२ साली आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्याच्या आवारात मथुरा नावाच्या मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं आणि पुढे बायका देशभर रस्त्यावर उतरल्या. ज्या ठाण्याविरुद्ध घोषणा दिल्या, त्याच ठाण्यात चार-पाच वर्षांनी टेबल मागायला जायचं, हे चळवळीतल्या अनेकींच्या सहज पचनी पडण्यासारखं नव्हतं. पण मार खाल्लेली बाई रात्री अकरा वाजता संस्थेचं दार ठोठावत नाही. संस्थेचा पत्ता तिला ठाऊकच नसतो. पोलीस ठाणं तिला ठाऊक असतं, मग ते कितीही नकोसं वाटो.

आणि तिथे काय व्हायचं? नवऱ्याने मारलं म्हणजे 'घरगुती भांडण'. अंमलदार एनसी लिहायचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. कागदाचा एक तुकडा हातात देऊन तिला त्याच घरी परत पाठवायचा. १९८३ च्या अखेरीस भारतीय दंडविधानात ४९८-अ कलम आलं, पतीचा आणि सासरच्यांचा छळ हा दखलपात्र गुन्हा झाला. कायदा बदलला, अंमलदाराची जीभ बदलली नाही. "बाई, संसार आहे, भांड्याला भांडं लागणारच," हे वाक्य पुढे कित्येक वर्षं ठाण्याठाण्यांत ऐकू येत राहिलं. काही ठिकाणी आजही येतं.

दिल्लीत साधारण याच सुमारास पोलिसांनी स्वतःचा हुंडाविरोधी कक्ष काढला. तिथे माणसंही पोलिसांची, हुकूमही पोलिसांचा. मुंबईचा प्रयोग इथेच निराळा ठरतो. कार्यकर्ती पोलिसांच्या आत बसते, पण त्यांच्यातली नसते. या कामाशी दीर्घकाळ जोडलेल्या टिसच्या प्राध्यापक अंजली दवे यांच्यासारख्यांनी ही रेघ सांभाळली. माझ्या मते या उपक्रमाचं सारं यश आणि सारी अडचण त्या एका रेघेवर उभी आहे.

यश कसं, ते स्त्रीधनावरून कळतं. घरातून हाकललेल्या बाईला पहिल्या आठवड्यात निकाल नको असतो. तिला मुलाचं दप्तर, रेशनकार्ड, मंगळसूत्र, आईने दिलेली भांडी, शिवणयंत्र हवं असतं. खटल्यात त्याला वर्षं जातात. कक्षातली कार्यकर्ती बाईसोबत बसून यादी करते, शिपाई बरोबर घेते आणि सासरच्या दारात उभी राहते. दारातली खाकी पाहून सासू कपाटाची किल्ली काढते. शिपायाला एकट्याला पाठवलं असतं, तर तो चहा पिऊन परत आला असता. कार्यकर्ती एकटी गेली असती, तर दारच उघडलं नसतं. एकाचा धाक आणि दुसरीची यादी, असं हे जोडकाम.

पोलिसांच्या बाजूनेही हिशेब होता, तो लपवण्यात अर्थ नाही. रडणाऱ्या बाईसमोर दोन तास बसायला अंमलदाराला ना वेळ, ना शिक्षण. टेबलामुळे त्याचं ओझं हलकं झालं. पुढे दादर, कांदिवली असं करत कक्ष वाढले. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते जिल्ह्यांत पोचले आणि राज्याच्या महिला व बालविकास विभागाने खर्चाची जबाबदारी घेतली. राजस्थान, हरियाणा अशा राज्यांनी टिसचं हेच प्रारूप उचललं. विद्यापीठाचा प्रकल्प सरकारी योजना होणं आपल्याकडे दुर्मीळ. बहुतेक प्रकल्प अहवालाच्या बांधणीपाशीच संपतात.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची अंमलबजावणी २६ ऑक्टोबर २००६ ला सुरू झाली. त्यातून संरक्षण अधिकारी आले, राहत्या घराचा हक्क आला, घरगुती घटना अहवाल आला. कक्षात वर्षानुवर्षं तोंडी चाललेल्या कितीतरी गोष्टींना आता कायद्याचं नाव मिळालं.

आता अडचण. 'समुपदेशन' हा शब्द फार निसरडा आहे. बाईला बळ देणं हेही समुपदेशन आणि तिला गप्प करून घरी धाडणं हेही लोकांच्या लेखी समुपदेशनच. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ४९८-अ च्या तक्रारी आधी कुटुंब कल्याण समित्यांकडे पाठवायला सांगितलं. समितीचा अहवाल येईपर्यंत साधारणपणे अटक नाही. याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत तेव्हाच्या अहमदनगरच्या महिला वकिलांची 'न्यायाधार' ही संस्था होती. २०१८ मध्ये त्या समित्या रद्द झाल्या. बाईला सोबत देणारी व्यवस्था आणि बाईला चाळणारी व्यवस्था दिसायला सारखीच असते. दोन्हींत एक टेबल, एक रजिस्टर आणि समजूतदार आवाज.

कक्षातल्या ताई हा फरक रोज जगतात, तोही बहुतेक वेळा कंत्राटी मानधनावर. नवा अधिकारी आला की पुन्हा पहिल्यापासून ओळख. कुणी सन्मानाने खोली देतो, कुणी जिन्याखाली जागा दाखवतो. साहेब म्हणतात, "मॅडम, तुमच्याकडून मिटलं तर बघा." मिटवण्यासाठी आपण नाही, हे त्यांना न दुखावता सांगायचं असतं, कारण उद्या शिपाई त्यांच्याकडूनच मागायचा असतो.

ठाण्यातलं नेहमीचं दृश्य असं. प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बाई येते. अंमलदार मान वर न करता पेनाने कोपरा दाखवतो, "तिकडे ताई बसल्यात." ताई तिला बसवते, पाणी देते, सगळं ऐकून घेते. मग विचारते, "तक्रार लिहून घेतली का?" बाई नकारार्थी मान हलवते. ताई उठते, तिच्यासोबत चालत पहिल्या टेबलापाशी येते आणि खुर्ची ओढून बसते.